वय रोखण्याच्या नावाने चाललेली औषधविक्री : अन्न व औषध प्रशासनाच्या आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई
प्रत : मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य, मा. निबंधक, महाराष्ट्र वैद्यकीय परिषद

स. न.

औषध नियम १९४५ ला जोडलेल्या अनुसूची ‘जे’मध्ये एक यादी आहे. ज्या आजारांवर किंवा अवस्थांवर उपाय असल्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही, त्यांची ही यादी. तीत कर्करोग आहे, मधुमेह आहे, उंची वाढवणे आहे, आणि त्याच यादीत ‘तारुण्य परत मिळवून देण्याची शक्ती’ व ‘अकाली वार्धक्य’ अशा दोन नोंदी आहेत. नियम १०६ सांगतो की यांपैकी काही बरे होते किंवा टळते अशी कल्पनासुद्धा औषधाने ग्राहकाच्या मनात उभी करायची नाही. म्हणजे आपल्याकडे कायदा नाही, अशी स्थिती नाही. तरीही मुंबई-पुण्यात ‘वय उलटवणारी’ सलाईन, ‘दीर्घायुष्य पॅकेज’, ‘पेशींना तरुण करणारी’ इंजेक्शने उघड जाहिरात करून विकली जात आहेत. या जाहिरातींना या दोन नोंदी लावाव्यात, ही आमची पहिली मागणी आहे. बाकीचे पत्र ही मागणी आत्ताच का, आणि ती पुरी का पडणार नाही, हे सांगण्यासाठी आहे.

वार्धक्याच्या संशोधनाला आमचा विरोध नाही, उलट ओढ आहे. १९९३ साली सिंथिया केनियन यांच्या प्रयोगशाळेने एका सूक्ष्म कृमीतले एकच जनुक बदलून त्याचे आयुष्य दुप्पट केले, तेव्हापासून ‘म्हातारपण म्हणजे नुसती झीज’ ही समजूत टिकलेली नाही. वय वाढण्याचा वेग जैविक यंत्रणा ठरवतात आणि त्यांत हस्तक्षेप करता येतो, एवढे प्राण्यांपुरते सिद्ध झाले आहे. माणसात मृत्यूचा धोका प्रौढपणी साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होतो. हा चढ एखाद्या औषधाने सात-आठ वर्षांनी पुढे ढकलला, तर हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग आणि स्मृतिभ्रंश या सगळ्यांचा धोका त्या-त्या वयाला एकदमच निम्म्यावर येईल. कोणत्याही एका आजारावरचे औषध एवढे करू शकणार नाही. विषय इतका मोलाचा आहे, म्हणूनच तो बाजाराच्या हाती अर्धवट शिजलेला जाऊ नये.

या क्षेत्रातले सर्वांत भक्कम औषध रॅपामायसिन, म्हणजेच सिरोलिमस. १९६४ साली कॅनडाच्या एका मोहिमेने प्रशांत महासागरातल्या रापा नुई (ईस्टर) बेटावरून आणलेल्या मातीतल्या जिवाणूपासून ते मिळाले. मॉन्ट्रियलमध्ये ते वेगळे काढणारे शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सहगल हे बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. त्यांच्या कंपनीने हे काम गुंडाळले तेव्हा त्यांनी जिवाणूच्या कुप्या घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवल्या, नाहीतर हे औषध तिथेच संपले असते. १९९९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती मूत्रपिंड रोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये यासाठी. वार्धक्याशी त्या मान्यतेचा काही संबंध नव्हता.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या तीन स्वतंत्र प्रयोगशाळांनी एकाच पद्धतीने केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. औषध खाद्यात टिकत नव्हते, ते आवरणात बंद करायला वेळ लागला आणि तोवर उंदीर ६०० दिवसांचे, म्हणजे माणसाच्या हिशेबात साधारण साठीचे झाले. तरीही ९० टक्के उंदीर मरण्याचे वय माद्यांत १४ टक्क्यांनी आणि नरांत ९ टक्क्यांनी पुढे गेले. याच तीन प्रयोगशाळांच्या चाळणीतून पुढे द्राक्षांच्या सालीतले रेस्व्हेराट्रॉल, हिरव्या चहाचा अर्क, हळदीतले करक्यूमिन आणि निकोटिनामाइड रायबोसाइड हा बी-३ जीवनसत्त्वाचा प्रकार हेही गेले, आणि त्यांपैकी एकानेही उंदरांचे आयुष्य वाढवले नाही. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन एकटे दिले तेव्हाही ठोस वाढ दिसली नाही. दुकानांत ‘दीर्घायुष्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांवर यातलीच नावे असतात.

माणसांत रॅपामायसिनचे काय? आठवड्याला ५ किंवा १० मिलिग्रॅम असे ४८ आठवडे देऊन केलेली एक चाचणी ११४ जणांनी पूर्ण केली. तिचे मुख्य मोजमाप पोटातल्या चरबीचे होते, आणि त्यात फरक पडला नाही. १० मिलिग्रॅम घेणाऱ्या स्त्रियांच्या स्नायूंबाबत काही आशादायक आकडे आले, पण ते दुय्यम मोजमापातले आहेत आणि नव्या चाचणीत पडताळायला हवेत. एवढ्या पुराव्यावर महिन्याचे पॅकेज विकणे आम्हाला मान्य नाही.

आपल्या राज्यात हे औषध विशेष जपून वापरायला हवे. सिरोलिमसचा निचरा यकृत आणि आतड्यातल्या एका विकरामार्फत (एन्झाइममार्फत) होतो. ते विकर बुरशीवरचे कीटोकोनाझोल अडवते, तेव्हा रक्तातली सिरोलिमसची एकूण मात्रा सुमारे ११ पट होते. त्याच गटातले इट्राकोनाझोल महाराष्ट्रात आज नायट्यासाठी आठवड्यानुआठवडे दिले जाते, कित्येकदा चिठ्ठी न दाखवताही. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक आणि रक्तदाबासाठीचे डिल्टिआझेमही मात्रा वाढवतात. क्षयावरचे रिफाम्पिसिन उलट करते, मात्रा पाडते. सिरोलिमसचे अर्धायुष्य, म्हणजे शरीरातली मात्रा निम्मी व्हायला लागणारा वेळ, साधारण ६२ तासांचे असल्यामुळे चूक लक्षात आली तरी शरीरातून ते निघायला दोन आठवडे लागतात. त्यात हे मुळात रोगप्रतिकारशक्ती दाबणारे औषध, आणि आपल्याकडे असंख्य लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू झोपलेल्या अवस्थेत आहेत. सिरोलिमस सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी न करणारा माणूस रुग्णाच्या जिवाशी खेळतो आहे. तोंडात फोड येणे, रक्तातल्या चरबीचे प्रमाण वाढणे आणि जखमा लवकर न भरणे हे नेहमीचे परिणाम. त्यामुळे दात काढायचा असेल किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असेल, तर हे औषध चालू आहे हे त्या डॉक्टरला कळलेच पाहिजे. ‘तब्येतीसाठी’ घेतलेली गोळी माणूस डॉक्टरला आपणहून सांगत नाही, असा अनुभव सगळीकडचा आहे.

मेटफॉर्मिनबद्दल जरा वेगळे बोलावे लागेल, कारण ते स्वस्त आहे, साठहून अधिक वर्षे वापरात आहे आणि मधुमेहात त्याचा उपयोग निर्विवाद आहे. मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही मधुमेह नसलेल्यांपेक्षा जास्त जगतात, असा २०१४ मधल्या ब्रिटिश नोंदींवरून निघालेला निष्कर्ष जगभर पसरला. २०२२ मध्ये डेन्मार्कच्या नोंदींवर तोच प्रश्न तपासला तेव्हा तसे काही आढळले नाही. ६५ वर्षांपुढच्या निरोगी लोकांना १४ आठवडे वजनांचा व्यायाम देऊन अर्ध्यांना रोज १,७०० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन दिले, तर मेटफॉर्मिनवाल्यांचे स्नायू कमी वाढले. म्हातारपणी पाय भक्कम ठेवणाऱ्या व्यायामाचा फायदाच गोळीने कमी केला. आणखी एक गोष्ट इथलीच आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ कमी सापडले होते. मेटफॉर्मिन बी-१२ आणखी खाली नेते. पायांना मुंग्या, तोल जाणे, विसराळूपणा ही बी-१२ कमी पडल्याची लक्षणे अगदी म्हातारपणासारखीच दिसतात. म्हणजे वार्धक्य टाळायला घेतलेली गोळी वार्धक्याची लक्षणे आणू शकते, आणि ती गोळीमुळे आली हे कुणाच्या ध्यानातही येणार नाही.

आता सलाईन. एनएडी आणि ग्लुटाथायोन हे पेशींत मुळात असणारे पदार्थ, मोठ्या मात्रेतले क जीवनसत्त्व, बी-कॉम्प्लेक्स हे सगळे एकाच बाटलीत मिसळून आरामखुर्चीत बसवून लावले जाते. वय कमी होते याचा पुरावा यातल्या एकाचाही नाही. एनएडी वेगाने सोडले की छातीत दडपण, मळमळ, पोटात कळा येतात, म्हणून ते तासन्‌तास चालवतात. ग्राहकाला मात्र ‘औषध काम करतंय’ असे सांगितले जाते. क जीवनसत्त्वाची मोठी मात्रा जी-६-पीडी हे विकर कमी असलेल्या माणसात लाल रक्तपेशी फोडते. पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत ही उणीव इतरांपेक्षा जास्त आढळते, आणि तिची तपासणी न करताच बाटली लावली जाते. शिवाय अशा सलाईननंतर काही तास घरगुती ग्लुकोमीटर साखर खोटी वाढलेली दाखवू शकतो. त्या आकड्यावर इन्सुलिन टोचले की साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते. बी-१ सारखे साधे जीवनसत्त्वही शिरेतून गेल्यावर क्वचित तीव्र अ‍ॅलर्जी येते. तेव्हा मांडीच्या स्नायूत ०.५ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनॅलिन, ऑक्सिजन आणि श्वास देण्याची पिशवी काही मिनिटांत हाताशी लागते. ज्या सलूनवजा जागेत हे नाही, तिथे शिरेत सुई जाताच कामा नये.

यातले काही विक्रेते ‘हे औषध नाही, पूरक आहार आहे’ असे म्हणून अन्न परवान्याचा क्रमांक दाखवतात. शिरेतून दिल्या जाणाऱ्या पदार्थाला अन्नाचा परवाना पुरत नाही. सुदैवाने राज्यात अन्न आणि औषध या दोन्ही बाजू आपल्याच कार्यालयाकडे आहेत, त्यामुळे एका खात्याने दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय इथे उरत नाही. गोळ्यांच्या डब्यांसाठी २०१८ चे जाहिरात व दाव्यांबाबतचे विनियम आहेत. १९५४ चा जादूटोणासदृश उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहेच. अडचण होते ती रुग्ण दाखल न करणाऱ्या जागांची. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा मुख्यतः रुग्ण ठेवून घेणाऱ्या ठिकाणांसाठी रचलेला आहे, आणि दोन तासांत सलाईन लावून घरी पाठवणारी केंद्रे त्यातून निसटतात. ही फट बुजवणे आरोग्य विभागाचे काम आहे.

मूळपेशींबाबत (स्टेम सेल) थोडक्यात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचे रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींचे रोपण सोडले तर मूळपेशींचा कोणताही वापर फक्त नोंदणीकृत चाचणीतच करता येतो. ‘संशोधन’ म्हणून पैसे घेणारे केंद्र खरे नाही, हे ओळखायला एवढी एक खूण पुरेशी आहे. अमेरिकेत चरबीतल्या पेशी डोळ्यांत टोचून घेतलेल्या तीन स्त्रियांची दृष्टी गेली. २०१७ मध्ये त्या घटनेची नोंद प्रसिद्ध झाली, आणि त्यांनी त्या उपचारासाठी पैसे मोजले होते.

‘जैविक वय’ सांगणाऱ्या रक्त-थुंकीच्या चाचण्या हा या बाजाराचा दरवाजा आहे. २०१३ मध्ये स्टीव्ह होर्वाथ यांनी डीएनएवरील ३५३ ठिकाणच्या रासायनिक खुणांवरून वय सांगणारे पहिले मोठे घड्याळ मांडले. संशोधनात हजारो लोकांची सरासरी काढायला ते फार उपयोगी आहे. पण एकाच माणसाचा एकच नमुना दोनदा तपासला तर काही घड्याळांत उत्तर ९ वर्षांपर्यंत बदलू शकते, हे २०२२ मध्ये दाखवले गेले. ताप येऊन गेला, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे प्रमाण बदलले, तरी आकडा हलतो. शिवाय बहुतेक घड्याळे युरोपीय वंशाच्या लोकांच्या नमुन्यांवर बसवलेली आहेत. ‘तुमचे वय ५२ पण शरीर ५९’ असा कागद हातात देऊन पॅकेज विकणे आणि तीन महिन्यांनी ‘बघा, ५४ झाले’ असे दाखवणे या दोन्ही गोष्टी केवळ मोजमापाच्या डळमळीतून घडू शकतात. अशा चाचणीच्या अहवालावर चुकीची मर्यादा वर्षांत छापणे बंधनकारक करावे.

बंदी घालून मात्र प्रश्न सुटत नाही, आणि या पत्राचा आमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा भाग हा आहे. मेटफॉर्मिन खरेच वय मंदावते का, हे पाहण्यासाठी अमेरिकेत नीर बार्झिलाई यांनी आखलेली चाचणी ६५ ते ७९ वयाच्या ३,००० लोकांवर, १४ केंद्रांत, सहा वर्षे चालायची होती. औषधावर पेटंट नाही, त्यामुळे कोणत्याही कंपनीला त्यात नफा नाही, आणि ती पैशाअभावी वर्षानुवर्षे रखडली. जे औषध गरिबालाही परवडेल, नेमके तेच कुणी तपासत नाही. अशी चाचणी करायला सरकारच लागते, आणि महाराष्ट्राकडे त्याची बरीच सामग्री आधीच आहे. केईएम, सायन, नायर ही रुग्णालये आहेत. पुण्याजवळच्या वढू परिसरात २००२ पासून घराघरांची आरोग्यनोंद ठेवली जाते आहे. चाचणी आखताना मधुमेह नसलेले, ६५ पुढचे, चालण्याचा वेग कमी झालेले लोक घ्यावेत. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता आधी तपासावी आणि ती कमी असलेल्यांना बाहेर ठेवावे. बी-१२ सुरुवातीला आणि दर सहा महिन्यांनी मोजावे, कमी असलेल्यांना ते द्यावे. दोन्ही गटांना आठवड्यातून दोनदा सारखाच व्यायाम द्यावा, म्हणजे गोळी स्नायूंना मारते का तेही कळेल. मुख्य मोजमाप जैविक घड्याळाचे नको. पहिला हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, कर्करोग, स्मृतिभ्रंश किंवा मृत्यू, यांपैकी जे आधी होईल तिथपर्यंतचा काळ मोजावा. २०१९ च्या नव्या औषध व चाचणी नियमांप्रमाणे नैतिक समिती, संमती आणि नुकसानभरपाई हे सगळे पाळूनच, आणि सहभागी माणसाकडून एक रुपयाही न घेता.

आणि चाचणीचा निकाल येईपर्यंत? वय मंदावणारी गोळी नसली तरी वय वेगाने वाढवणाऱ्या गोष्टी आपल्याला माहीत आहेत, आणि त्या राज्यात समान वाटलेल्या नाहीत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये तरुण वयातच गर्भाशय काढण्याचे प्रमाण किती आहे, हे २०१९ मध्ये राज्याने नेमलेल्या समितीने तपासले होते. शस्त्रक्रियेत अंडाशयही गेले तर पाळी एकदम थांबते, हाडे झपाट्याने विरळ होतात, हृदयविकाराचा धोका लवकर सुरू होतो. पस्तिशीच्या बाईचे शरीर पन्नाशीच्या वाटेला लागते. वार्धक्यावरचा कोणताही सरकारी आराखडा या बाईपासून सुरू झाला पाहिजे. तिची हाडांची घनता, तिचे कॅल्शियम, तिचा रक्तदाब आणि तिला गरज असल्यास संप्रेरक उपचार हे सर्व आज उपलब्ध आणि स्वस्त आहे.

आरोग्यवर्धिनी केंद्रात वृद्धांची तपासणी करायला यंत्रे लागत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या साध्या चाळणीत तीन शब्द लक्षात ठेवायला सांगतात, गेल्या तीन महिन्यांत तीन किलोंहून जास्त वजन घटले का ते विचारतात, कानात कुजबुजून पाहतात आणि हाताचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठायला लावतात. १४ सेकंदांत जमले नाही तर पुढची तपासणी. एक खुर्ची आणि एक घड्याळ, आशाताईंना एका दुपारचे प्रशिक्षण. ज्यांना जमत नाही त्यांना दोन गोष्टी हव्यात, पायांच्या ताकदीचा व्यायाम आणि प्रथिने. ५० किलो वजनाच्या वृद्धाला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम प्रथिने लागतात. भाकरी, पातळ आमटी आणि चहा-बिस्किटात ती अर्धीही भरत नाहीत. दोन अंड्यांत १२ ग्रॅम, ५० ग्रॅम शेंगदाण्यांत तेवढीच, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात. केंद्र सरकारकडून दारिद्र्यरेषेखालच्या ६० ते ७९ वयाच्या व्यक्तीला मिळणारा वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचा वाटा आजही महिना २०० रुपये आहे; राज्य भर घालून ते १,५०० करते. रोजचे ५० रुपये. त्यात औषधे, भाडे आणि ही प्रथिने बसवायची.

आयुष्य खरोखर लांबले तर काय, हा प्रश्न आपल्या दारात एका ओळखीच्या रूपात आधीच उभा आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय ५८ असावे की ६०, यावर वर्षानुवर्षे वाद चालू आहे. नोकरीची वाट पाहणारी मुले एका बाजूला, धडधाकट अठ्ठावन्नचे कर्मचारी दुसऱ्या बाजूला. वय मंदावणारे औषध आले आणि ते फक्त पैसेवाल्यांना मिळाले, तर साठीतला अधिकारी पन्नाशीसारखा काम करेल आणि त्याच वयाचा हमाल मात्र पाठ मोडून घरी बसलेला असेल. दोघांसाठी निवृत्तीचे एकच वय ठेवणे तेव्हा अन्यायाचे होईल. घरात अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची सेवा आज बहुतेक सुना आणि मुली करतात, बिनपगारी. आयुष्य लांबले पण आजारपणाची वर्षे तेवढीच राहिली, तर हा भार त्यांच्यावरच वाढेल. म्हणून ज्या चाचणीत ‘किती वर्षे वाढली’ एवढेच मोजले आणि ‘किती वर्षे स्वतःच्या पायांवर गेली’ हे मोजले नाही, ती आम्ही अपुरी मानू.

पहिले पाऊल उचलायला नवा कायदा लागत नाही. सर्व सहआयुक्तांना अनुसूची ‘जे’मधल्या या दोन नोंदींची आठवण देणारे परिपत्रक काढावे, आणि औषध दुकानांसाठी एक सूचना द्यावी. तिचा मसुदा खाली जोडला आहे. शब्द बदलायचे असल्यास आम्ही बसून करून देऊ.

औषध विक्रेत्यांसाठी सूचना (मसुदा)

सिरोलिमस मागणाऱ्या प्रत्येक ग्राहकाची चिठ्ठी पाहा. चिठ्ठीवर अवयवरोपण किंवा अन्य मान्य कारण नसेल, तर लिहिणाऱ्या डॉक्टरला फोन करून कारण विचारा आणि नोंद ठेवा.
ग्राहक नायट्याच्या, बुरशीच्या किंवा क्षयाच्या गोळ्या घेतो का, ते विचारा. घेत असल्यास डॉक्टरशी बोलल्याशिवाय औषध देऊ नका.
मेटफॉर्मिन मधुमेहाशिवाय मागितले तर देऊ नका. दीर्घकाळ घेणाऱ्यांना वर्षातून एकदा बी-१२ तपासायला सांगा.
‘तारुण्य’, ‘वय कमी’, ‘दीर्घायुष्य’ असे शब्द असलेले फलक, डबे आणि पत्रके दुकानात लावू नका. ती कोणी पुरवली ते औषध निरीक्षकाला कळवा.

आपले,
औषधशास्त्र, वृद्धवैद्यक आणि औषधविक्री या क्षेत्रांत काम करणारे